उपाशीपोटीची साखर

सातव्या महिन्यात माझ्यावर चोरीचा आळ आला. चोरी कसली, तर साखरेची. दागिन्यांची असती तर निदान चारचौघांत सांगायला तरी बरी वाटली असती. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत बिलं तपासते. आजवर ऑफिसचं पेनसुद्धा पर्समध्ये घालून घरी आणलेलं नाही. एकदा आणलं होतं, पण ते चुकून, आणि दुसऱ्या दिवशी परत नेलं होतं. अशा बाईवर सासू, सासरे, नवरा आणि शेजारची सुंदराबाई असे चौघं जण आळीपाळीने पहारा देत होते. पोट एवढं पुढे आलेलं, उठायला हाताचा आधार लागायचा, आणि या मंडळींना वाटत होतं की मी मांजरीसारखी पाय न वाजवता फडताळापर्यंत जाऊन येते.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हालाही संशय यायचा.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला ग्लुकोजचं पाणी पाजलं, दोन तास बाकावर बसवलं आणि रक्त तपासून सांगितलं की ही गरोदरपणातली शुगर आहे. घाबरायचं कारण नाही, बऱ्याच जणींना होते आणि बाळंतपणानंतर बहुतेकींची जाते. खाणं सांभाळायचं, जेवल्यावर चालायचं, आणि घरी मशीन आणून सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून बघायचं. सकाळी पंच्याण्णवच्या आत, जेवणानंतर एकशेवीसच्या आत. टोचायच्या आधी हात स्वच्छ हवेत, असंही त्या म्हणाल्या. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही. बुवापाड्यातल्या आमच्या घरात अंघोळ केल्याशिवाय चहासुद्धा मिळत नाही.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई भिमाबाईंनी, आमच्या घराण्यात कोणाला साखर नाही असं जाहीर केलं. अण्णांनी, म्हणजे माझे सासरे शिवराम यांनी, मला एवढंच विचारलं की उल्हासनगरला तुमच्याकडे कोणाला आहे का गं. माझं माहेर उल्हासनगर कॅम्प एकचं. लग्नाला पाच वर्षं झाली तरी या घरात बादली गळली, टॉर्च बंद पडला, की अण्णा आधी ती वस्तू उल्हासनगरची आहे का ते विचारतात. आता सून गळायला लागली होती.

त्यात माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, मशीनही तिथूनच आणलं. तो एका कंपनीत स्टोअरला आहे, त्यामुळे कुठली वस्तू कुठे मिळते हे फक्त आपल्यालाच कळतं असं त्याला वाटतं. माझ्या माहेरच्या गल्लीत टेकचंदचाचांचं सर्जिकल सामानाचं दुकान आहे. चाचांनी मला फ्रॉकमध्ये बघितलंय. त्यांनी मिलिंदला पट्टी कशी घालायची, सुई कशी लावायची ते झटपट दाखवलं आणि बाकी पुस्तकात आहे म्हणाले. पुस्तक जगातल्या सगळ्या भाषांत होतं, मराठी सोडून. मिलिंदने त्यातला गॅरंटीचा कागद नीट जपून ठेवला आणि पुस्तक टीव्हीच्या खाली सरकवलं.

आमच्याकडे सकाळी आई अंघोळ करून बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावतात आणि वंदना म्हणतात. मीही अंघोळ उरकून मागे बसते. टोचण्याचा कार्यक्रम त्यानंतर ठरला. पहिल्या दिवशी मिलिंदने सुई बाहेर काढली आणि आई म्हणाल्या, थांब. फोटोखालच्या कपाटात त्यांची एक स्टीलची डबी असते, तिच्यात खडीसाखर. घरातलं कोणी परीक्षेला निघालं, इंटरव्ह्यूला निघालं, मिलिंद मला बघायला निघाला, तेव्हा त्यांनी हातावर खडीसाखर ठेवली होती. मी बारावीचा पेपर द्यायला निघाल्यासारखा त्यांनी माझा उजवा हात पुढे ओढला.

अण्णा उखडले. ते रिटायर झाल्यापासून तत्त्वाच्या बाबतीत फार कडक झालेत.

"भिमा, शकुन-अपशकुन सगळं छप्पन साली सोडलंय आपण."

"देव सोडले," आई म्हणाल्या. "गोड सोडायला कुणी सांगितलं होतं?"

शेवटी तडजोड झाली. मी खायची नाही, नुसती मुठीत धरायची. आई एक गाथा म्हणतील, तोवर धरायची आणि मग अण्णांकडे द्यायची. अण्णा ती चहाबरोबर खात. विरोधही झाला आणि खडीसाखरही मिळाली. त्यानंतर मिलिंद माझ्या उजव्याच हाताचं बोट टोचायचा, कारण पोटातल्या बाळाचं काम डाव्या हाताने करणं आईंना पसंत नव्हतं. चाचांनी बोट पुसायला स्पिरिट दिलं होतं, पण त्याच्या वासाने मला पहिल्याच दिवशी उलटी झाली, म्हणून ते बंद केलं.

पहिला आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस. दुसऱ्या दिवशी एकशे सत्तर. अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने आकडे लिहायला सुरुवात केली, तेव्हा आमच्याकडे येणारा गॅसवालासुद्धा मान हलवून जायला लागला. गंमत म्हणजे जेवणानंतरचे आकडे छान यायचे. भाकरी, भाजी, डाळ खाऊन, हात धुऊन, बुवापाड्याच्या रस्त्यावर दोन चकरा मारून आले की एकशेबारा, एकशेआठ. उपाशीपोटी मात्र रोज बोंब.

अण्णांनी यावर विचार केला. जेवताना आपण सगळे समोर असतो तेव्हा शुगर उत्तम. रात्री आपण झोपतो आणि सकाळी ती वाढलेली असते. मग रात्री काय होतं? असं विचारून ते माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, मी काही खात नाही. सगळे म्हणाले, हो गं, तू कशाला खाशील. हे इतक्या प्रेमाने म्हणाले की मला तिथेच कळलं, आपण गुन्हेगार ठरलो.

सुंदराबाईंना आमच्या घरातलं सगळं भिंतीतून ऐकू येतं. त्यांनी आधी उपाय सांगितले. कारल्याचा रस, भिजवलेल्या मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड. मी सगळं घेतलं. तोंड इतकं कडू झालं की मी कोणाशी गोड बोलेनाशी झाले, आणि ती तक्रार वेगळी झाली. आकडा हलेना, तेव्हा सुंदराबाईंनी आईंना तपासाची युक्ती सांगितली. झोपायच्या आधी फडताळासमोर रांगोळी पसरून ठेवायची. सकाळी रांगोळीत पावलं उमटलेली होतीच. सगळ्यांनी वाकून बघितलं. पावलं लांबलचक होती आणि उजव्या पायाच्या अंगठ्याजवळचं बोट वाकडं होतं. ते बोट अण्णांचं कारखान्यातल्या अपघातात वाकडं झालंय. अण्णा म्हणाले, पाणी प्यायला गेलो होतो. पाण्याचा माठ दुसऱ्या कोपऱ्यात असतो. पण तो तपास तिथेच थांबवण्यात आला, कारण त्यांना शुगर नाही.

मग बुद्धपौर्णिमा आली. विहारात खीर होती आणि पोटुशी बाई म्हणून वाढायचा पहिला मान मला. म्हणजे बघा, उपाशी माणसाच्या हातात पळी. वेलची घातलेली, वर चारोळ्या, भात कसा मऊ शिजलेला. मी संध्याकाळभर दुसऱ्यांच्या द्रोणात खीर वाढली आणि माझ्यावर सगळ्या बुवापाड्याची नजर. बोटाला लागलेली खीरही मी रुमालाला पुसली. सकाळी आकडा आला एकशे ब्याऐंशी. मिलिंदने हळूच विचारलं, थोडीशी चाखली होतीस का, मी कोणाला सांगणार नाही. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. सासूने संशय घेतला तर चालतं, तिचं ते कामच आहे. पण नवऱ्याने हळूच विचारावं, याचा मला फार राग आला.

राग गेल्यावर मात्र भीती वाटायला लागली. मी काही खात नाही हे मला माहीत होतं. तरी साखर वाढते म्हणजे आतच काहीतरी बिघडलंय, आणि ती सगळी बाळाला जातेय. म्हणून मी आणखी कमी खायला लागले. दोनची एक भाकरी केली, एकची अर्धी. संध्याकाळचे चणे सोडले, दूध सोडलं. पोटात बाळाने लाथ मारली की वाटायचं, हे भुकेनं मारतंय की साखरेनं? कोणाला विचारणार? चोराची बाजू घ्यायला घरात कोणी नव्हतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी वजनाचा काटा दोनदा बघितला, पोट मोजलं आणि त्यांचा चेहरा बदलला. माझं वजन वाढायच्या ऐवजी उतरलं होतं आणि बाळाची वाढ मागे पडत होती. कमी खायला तुम्हाला कोणी सांगितलं, असं त्या जरा चढ्या आवाजातच म्हणाल्या. मग अण्णांनी भिंतीवरून काढून दिलेलं कॅलेंडर मी त्यांच्यापुढे धरलं. सकाळचा आकडा असाच राहिला तर पुढच्या आठवड्यापासून रात्रीचं इन्सुलिन सुरू करावं लागेल. इन्सुलिन वाईट नाही, त्या म्हणाल्या, गरज असेल तर घ्यायचंच. पण गरज नसताना दिलं तर शुगर एकदम खाली जाईल आणि ते तुम्हालाही बरं नाही, बाळालाही नाही. म्हणून आधी लॅबमध्ये एकदा खात्री करू.

लॅबवाल्याने पहाटेच बोलावलं होतं, त्यामुळे अंघोळ, वंदना सगळं राहिलं. दंडातून रक्त काढलं. रिपोर्ट आला शहाऐंशी. मला रस्त्यातच नाचावंसं वाटलं. घरी अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला आणि शांतपणे माझ्यापुढे धरला. त्यावर लिहिलं होतं: स्वप्निल, पुरुष. माझं नाव स्वप्नाली. हा दुसऱ्या कोणाचा तरी रिपोर्ट आहे, अण्णा म्हणाले, त्या मुलाची तब्येत चांगली आहे.

मी परत लॅबमध्ये गेले. खिडकीतल्या माणसाने माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि सांगितलं की दुरुस्तीसाठी अर्ज द्यावा लागेल, डॉक्टरांची सही लागेल आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडावी लागेल. मी त्याच्यापुढे आडवी वळून उभी राहिले. त्याने पोटाकडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं. "मॅडम, मला दिसतंय," तो म्हणाला, "पण सिस्टीममध्ये तुम्ही पुरुष आहात." मी बाई असल्याचा अर्ज लिहून दिला. तो साहेबांच्या सहीला गेला आणि साहेब गावाला.

इन्सुलिनचा दिवस जवळ येत होता. आता मिलिंदच्या डोक्यात आलं की मशीनच खोटं असेल. अण्णांना हे फार पटलं, कारण मशीन उल्हासनगरचं. गॅरंटीचा कागद घेऊन आम्ही तिघं रिक्षाने कॅम्प एकला गेलो. टेकचंदचाचांनी भांडण ऐकून घेतलं, चहा मागवला, माझा बिनसाखरेचा, आणि त्याच मशीनवर आधी स्वतःचं बोट टोचलं, मग दुकानातल्या मोठ्या मशीनवर. दोन्हीकडे जवळपास सारखाच आकडा. मग माझं बोट टोचलं. पंच्याण्णव. तेही जेवण होऊन दोन तास झाल्यावर.

"बेटी, मशीन बेचारा क्या करेगा," चाचा म्हणाले. "उसको जो चखाओगे, वही बोलेगा."

परत येताना रिक्षात अण्णांनी निकाल दिला की मशीन खरं आहे. उल्हासनगरच्या दोघांपैकी एक निर्दोष सुटलं होतं आणि दुसरीकडे सगळे बघत होते.

त्याच सुमाराला आईंच्या भाचीच्या मुलाचं बारसं बदलापूरला निघालं आणि आई चार दिवस तिकडे गेल्या. डबीला त्यांच्याशिवाय कोणी हात लावत नाही. वंदना अण्णांनी म्हटली, तत्त्वाप्रमाणे, मधे काही न घालता. मिलिंदने बोट टोचलं. अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी. तिसऱ्या दिवशी अण्णांनी निळं पेन शोधून काढलं.

आता तुम्हीच सांगा, कोणाच्या मनात काय येईल? आई नाहीत तर साखर नाही. सुंदराबाईंनी तर छातीवर हात मारून घेतला. त्यांच्या मते नातू गुटगुटीत व्हावा म्हणून सासूच सुनेला गुपचूप भरवत होती. मी जीव तोडून सांगितलं की आईंनी मला कधी कणभरही भरवलेलं नाही. पण चोराच्या साक्षीला काय किंमत? उलट सून किती गुणाची, सासूला सांभाळून घेते, असं म्हणून सुंदराबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आई बारशाचे लाडू घेऊन आल्या आणि अण्णांनी त्यांना उंबऱ्यातच विचारलं. मला वाटलं, आता भांडण होणार. पण आईंनी हातातली पिशवी खाली ठेवली, चपला तशाच पायात, आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. चहा दिला तो घेतला नाही. माझ्याकडे मात्र एकदा बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला बरोबर कळला, कारण महिनाभर मी याच घरात तशीच बघत होते. अंधार पडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी सगळ्यांनी समोर बसा. मी काय करते ते बघा."

सकाळी सगळे बसले. सुंदराबाई अंघोळ करून आल्या होत्या. लोडशेडिंग सुरू झालं आणि पंखा थांबला. मे महिना, खोलीत पाच माणसं, घामाच्या धारा. आईंनी मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, डबी उघडली आणि खडीसाखरेचा खडा माझ्या उजव्या हातावर ठेवला. सुईची मला पहिल्यापासून भीती, त्यामुळे मी मूठ रोजच्यासारखी घट्ट आवळली. आईंची गाथा त्या दिवशी नेहमीपेक्षा लांबली. मग अण्णांनी हात पुढे केला. मी मूठ उघडली, तर खडा पडेना. तो तळहाताला चिकटला होता. अण्णांनी तो नखाने सोडवला आणि मिलिंदने माझं बोट टोचलं.

एकशे एकोणसत्तर.

"आता बोला," आई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "काय खाऊ घातलं मी तिला? तुमच्या सगळ्यांच्या समोर बसले होते ना?"

मी बोटाचं रक्त पुसायला गेले तर माझा अंगठा आणि ते बोट एकमेकांना चिकटले. सोडवले, पुन्हा चिकटले. मला टेकचंदचाचांचं बोलणं आठवलं. मी शेजारचं बोट उचललं आणि सरळ तोंडात घातलं.

गोड. कितीतरी दिवसांनी काहीतरी गोड.

"बघा, बघा," सुंदराबाई ओरडल्या. मी हाताने जमिनीचा आधार घेऊन उठले, मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, कोरडे केले, परत येऊन बसले आणि मिलिंदला म्हटलं, टोच. त्याने टोचलं. सत्त्याऐंशी.

मिलिंद त्या आकड्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, आता अण्णांचं बोट घे, ज्याने खडा सोडवला ते. अण्णा नको नको म्हणत होते. आकडा आला दोनशे शहाण्णव आणि अण्णा भिंतीला टेकले, पाणी मागितलं. हात धुवायला लावून पुन्हा टोचलं तर एकशेचार. पण पुढे दोन दिवस ते फार सांभाळून चालत होते.

मग मिलिंदने टीव्हीखालचं पुस्तक ओढून काढलं. दुसऱ्याच पानावर चित्र होतं. नळ, नळाखाली हात, हातावर साबणाचा फेस. ते बघायला कुठलीच भाषा लागत नव्हती.

आई मात्र डबी मांडीवर घेऊन तशाच बसल्या होत्या. "म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे पोर उपाशी राहिली. पोटातलं बाळ उपाशी राहिलं."

मला त्यांच्यावर रागवायचं होतं. महिनाभराचा राग मी नीट साठवून ठेवला होता. पण त्या इतक्या एवढ्याशा होऊन बसल्या होत्या की मलाच रडू आलं. मी म्हटलं, आई, तुम्ही चांगलंच चिंतत होतात, आणि मूठ तर माझीच होती. मग आम्ही दोघीही रडलो. अण्णांनी उठून कॅलेंडरवरचे लाल आकडे एकेक करून खोडले आणि मिलिंदने मी न सांगता दोन भाकऱ्या थापल्या. त्या नकाशासारख्या झाल्या होत्या, तरी मी दोन्ही खाल्ल्या.

डॉक्टरीणबाई आधी खूप हसल्या आणि मग खूप रागावल्या. या खडीसाखरेपायी तुम्हाला इन्सुलिन द्यायला निघाले होते मी, असं म्हणाल्या. इन्सुलिन टळलं. खाणं ठरवून दिलं, आणि ते सगळं खायचं अशी ताकीद दिली. आई ताट घेऊन समोर बसायच्या आणि संपेपर्यंत हलायच्या नाहीत. पुढच्या खेपेला वजनाचा काटा वर गेला, त्यापुढच्या खेपेला आणखी, आणि बाळाची वाढ बरोबर झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आईंनी तिथल्या तिथे त्यांना हात जोडले. रोज सकाळी टोचायच्या आधी त्या स्वतः माझे हात धुवायच्या, कोपरापर्यंत. लॅबच्या साहेबांची सहीही झाली आणि मी कागदोपत्री बाई झाले.

श्रावणात मला मुलगी झाली. काळीसावळी, केस भरपूर, आणि आवाज अण्णांवर गेलेला. बाळंतिणीला शुगर होती म्हणून बाळाचीही बघावी लागते, असं सांगून नर्स सुई घेऊन आली. ती इवलीशी टाच हातात धरणार, तोच आई मध्ये पडल्या. "बाई, आधी तुमचे हात धुवा. आणि पोरीचा पायही पुसा." नर्सने हात धुतले, टाच पुसली. आकडा अगदी जिथे हवा तिथे आला. माझाही चांगला आला. दीड महिन्याने पुन्हा तपासायचं आणि पुढेही दरवर्षी बघत राहायचं, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आज हिला थोडं गोड दिलं तर चालेल का, असं आईंनी त्यांना विचारूनच घेतलं.

मग त्यांनी पिशवीतून ती स्टीलची डबी काढली. कपाटात बंद होती ती एवढे दिवस. एक खडा माझ्या उजव्या हातावर ठेवला.

"आता खा," त्या म्हणाल्या.

पलंगाच्या पलीकडून अण्णांचा हात सवयीने पुढे आला. मी त्यांच्याकडे बघत बघत खडीसाखर तोंडात टाकली आणि मिलिंदला म्हटलं, जरा हात धुवायला पाणी आण.